इस्तारीची खूण

जानेवारीतल्या एका गुरुवारी सकाळी साडेसहाला ज्योत्स्ना मानकर ब्रह्मपुरीच्या चौकात काळीपिवळी जीपमध्ये बसली, तेव्हा तिच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीत एक कादंबरी होती. छापलेली नव्हे, वहीतली. बारा प्रकरणं झाली होती, तेरावं अडलं होतं, आणि ती अडचण एकदाची सोडवायला ती कोसंबटोल्याला निघाली होती. दुपारच्या तासिकेपर्यंत परत यायचं ठरलं होतं. घरी डाळ भिजत घालून आली होती, म्हणजे बघा, बेत किती साधा होता.

कादंबरी दोघांची. विषम प्रकरणं ज्योत्स्नाची, सम प्रकरणं देवाजी शेंड्यांची. ज्योत्स्ना ब्रह्मपुरीच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवायची. देवाजीभाऊ गडचिरोलीचे, आरोग्य खात्यातून निवृत्त झालेले, उभी हयात खेडोपाडी मलेरियाचं रक्त तपासत हिंडलेले. वही एसटीने ये-जा करायची. भाऊ गडचिरोलीला कंडक्टरच्या हाती द्यायचे, बाई ब्रह्मपुरीच्या स्टँडवर उतरवून घ्यायच्या. कंडक्टरची समजूत अशी की कुण्या मुलीची पत्रिका फिरते आहे आणि योग काही जुळत नाही. समजूत अगदीच चुकीची नव्हती. भाऊंनी प्रेताचं वर्णन तीन पानं केलं की बाई अडीच पानं खोडायच्या, बाईंनी मोहाच्या झाडावर एक पान खर्ची घातलं की भाऊ समासात लिहायचे, "झाड दिसलं. पुढे चला."

पण कादंबरीतला खून मात्र खरा होता. नावं तेवढी दोघांनी बदलली होती.

पाच वर्षांपूर्वी कोसंबटोल्याचा इस्तारी तलावात मेलेला सापडला. ढिवरांच्या मच्छीमार संस्थेचा तो अध्यक्ष. तलावाचं पाणी एका कारखान्याला द्यायचं घाटत होतं आणि इस्तारी आडवा आला होता. ज्या जागी तो सापडला तिथे कमरेएवढं पाणी. जन्मभर डोंग्यावर उभा राहून जाळं फेकणारा माणूस कमरेएवढ्या पाण्यात बुडाला, असं कागदावर लिहिलं गेलं आणि फाइल बंद झाली. चार दिवसांनी संस्थेचा ठराव निघाला: पाणी द्यायला हरकत नाही. ठरावाखाली अध्यक्षाचा अंगठा होता, तारीख तो सापडला त्याच्या आदल्या दिवसाची.

आता गंमत अशी की इस्तारीला सही येत होती. चाळिशीत साक्षरता वर्गाला जाऊन शिकला होता, आणि तेव्हापासून जिथे मोकळी जागा दिसेल तिथे सही करत सुटला होता. डोंग्यावर, दाराच्या चौकटीवर, सोसायटीच्या भिंतीवर. अंगठा उठवायला सांगितलं तर भांडायचा. अशा माणसाचा अंगठा ठरावावर कसा आला, यावरच कादंबरी उभी होती.

तेराव्या प्रकरणात खुनी सांगायचा होता, आणि तिथेच दोघांचं फाटलं. पाळी ज्योत्स्नाची, पण भाऊंनीही आपलं तेरावं लिहिलं: इस्तारीला मारून मग त्याचा अंगठा शाईत बुडवला, आणि हे करवून घेणारा माणूस शिक्षणसंस्था चालवणारा पुढारी होता. ज्योत्स्नानंही आपलं तेरावं लिहिलं: इस्तारीला त्याच्या चुलतभावानं दारूच्या भांडणात ढकललं. राजकारण बिजकारण काही नाही.

ज्योत्स्ना खोटारडी नव्हती, घाबरलेली होती. ज्याला सगळे भाऊसाहेब म्हणत, तो पुढारी तिच्याच महाविद्यालयाच्या संस्थेचा अध्यक्ष. नवरा गेल्यापासून घर तिच्या नोकरीवर चालत होतं, आणि डिंपल, तिची मुलगी, नागपूरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. रात्ररात्र विचार करून तिनं तो चुलतभाऊ शोधून काढला होता. खऱ्या इस्तारीला चुलतभाऊच नव्हता. याची तिला लाज वाटत होती, खरंच वाटत होती, आणि तरी ते प्रकरण तिनं सुवाच्य अक्षरात उतरवून पिशवीत ठेवलं होतं.

भाऊंनी भेटायला कोसंबटोल्यालाच बोलावलं होतं. फाट्यावर उतरली तर समोर काही नाही. धुकं. रस्ता आहे हे पायांना कळत होतं, डोळ्यांना नाही. ओल्या तणसाचा आणि शेवाळाचा वास. कुठून तरी माणसांचं बोलणं ऐकू येत होतं, पण डावीकडून की उजवीकडून ते कळेना. ती आवाजाकडे चालू लागली की आवाज मागे जायचा. दहा मिनिटांची वाट, तिला अर्धा तास लागला असावा. शेवटी तलावाच्या पारेवर, म्हणजे बांधावर, देवाजीभाऊंचा मफलर दिसला आणि तिच्या जिवात जीव आला.

"मॅडम, या इकडे," भाऊ म्हणाले. "वाटणी चालू आहे. झाली का बोलू."

रात्रीचं जाळं पहाटे ओढलं होतं. पारेवर सागाच्या पानांवर मासोळीचे ढीग मांडले होते, घरं छत्तीस म्हणून ढीग छत्तीस. वाटणीची इथली रीत अशी: प्रत्येक घराची एक खूण असते. कुणाचा चिंचोका, कुणाचं कौलाचं ठिकरं, कुणाचं बाटलीचं बूच. घरचा कर्ता आहे तोवर तीच, मग नवी. सगळ्या खुणा एका फडक्यात टाकायच्या आणि सोमारीच्या हाती द्यायच्या. सोमारी सत्तरीची, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ती एकेक खूण काढून एकेका ढिगावर ठेवत जाते. ज्या ढिगावर ज्याची खूण, तो त्याचा वाटा. मग कुणाच्या ढिगात मोठा मासा गेला तरी कुणी चकार शब्द काढायचा नाही.

इस्तारीची बायको वच्छला आपला वाटा पदरात घेऊन त्यांच्यापाशी आली. हडकुळी, शांत बाई. देवाजीभाऊ गावात आले की तिला लिहून झालेली प्रकरणं वाचून दाखवायचे. मागल्या आठवड्यात सातवं वाचलं होतं, म्हणजे ज्योत्स्नाचं.

"बाई, एक विचारू का?" वच्छला म्हणाली. "थे शाईचं तुमाले कोन सांगतलं?"

"कुठल्या शाईचं?"

"त्याच्या अंगठ्याले निळी शाई होती, अन् बायकोनं थे पदरानं पुसून काढली, असं लिवलं तुमी."

"देवाजीभाऊंनीच सांगितलं ना."

भाऊंनी मान वर केली. "मी? मले तर वाटलं तुमाले वच्छलाबाईनं सांगतलं."

वच्छला हळूच म्हणाली, "मी कोनालेच नाई सांगतलं जी. पोराले बी नाई. लोकं यायच्या आधीच पुसून टाकली होती. मले वाटलं, त्याले कोनं अंगठेबहाद्दर म्हनू नये..."

ज्योत्स्ना गोंधळली. तिला लख्ख आठवत होतं. दिवाळीनंतर फोन आला होता, भाऊंच्याच नंबरवरून. रेंज नसल्यासारखा आवाज तुटत होता, मागे पाणी हलल्यासारखं ऐकू येत होतं. तिनं ऐकता ऐकता वहीच्या पुठ्ठ्यावर टिपून घेतलं होतं. तिनं वही काढली. पुठ्ठ्यावर तिचंच अक्षर: 'अंगठ्याला शाई, निळी. बायकोनं पुसली.' खाली तारीखही होती.

भाऊंनी तारीख पाहिली. "ह्या दिवशी मी एटापल्लीच्या पलीकडे होतो मॅडम. भाच्याच्या लग्नाले. तिथी टावरच नाई."

"मग फोन कोणाचा होता?"

"मले काय माहीत..."

ज्योत्स्नानं स्वतःची समजूत घातली: आपणच कल्पनेनं लिहिलं असेल आणि योगायोगानं खरं निघालं असेल. लेखकांना अशी समजूत घालायला फार वेळ लागत नाही. पण कल्पनेनं लिहिलं असेल तर टिपून कशाला घेतलं असतं, हा प्रश्न तसाच राहिला.

तोवर वाटणी आटोपली होती. माणसं आपापले वाटे घेऊन धुक्यात गेली. आणि मग या दोन शहाण्यांनी ती चूक केली. सूचना ज्योत्स्नाची होती, हे कबूल केलं पाहिजे. वादानं तेरावं प्रकरण सुटत नव्हतं, तेव्हा ती म्हणाली, आपणही खूण टाकू. ज्याची खूण आधी निघेल त्याचं प्रकरण कादंबरीत जाईल. मनात तिचा हिशोब असा की आपली निघाली तर नशीब, आणि भाऊंची निघाली तर निदान निवड आपण केली नाही. भाऊसाहेबांना तोंड दाखवताना एवढं तरी म्हणता येईल.

सोमारीला ते पटलं नाही. "हे मासोळीचं काम आहे बाई. कागदाले नोका लावू."

"एकदाच, सोमारीबाई."

"एकदाच कोनाचं नसते. खूण फडक्यात गेली का मानूस ह्या तलावाचा वाटेकरी होते. मंग त्याची खूण त्याच्यासंगंच मातीत जाते."

भाऊ हसले आणि खिशातून चष्म्याचा तुटका दांडा काढून फडक्यात टाकला. ज्योत्स्नानं आपल्या पेनाचं टोपण टाकलं. निळं, टोकाशी दातांनी चावलेलं. पेपर तपासताना टोपण चावायची तिला लहानपणापासूनची खोड होती.

सोमारीनं फडकं मांडीवर घेतलं, पाठ फिरवली आणि आत हात घातला. बराच वेळ तो आतच राहिला. दोन तर खुणा होत्या, एवढं चाचपायला काय लागतं?

"थंड लागून राह्यलं," सोमारी पुटपुटली. तिनं मूठ बाहेर काढली आणि उघडली.

तळहातावर भाजक्या मातीचा एक मणी होता. जाळ्याच्या काठाला वजनासाठी बांधतात तसला. ओला. त्याच्यावर माती ओली असताना उमटलेला अंगठ्याचा ठसा होता, आणि ठशाच्या रेघांत निळं काहीतरी भरलेलं होतं.

"ही कोणाची खूण?" ज्योत्स्नानं विचारलं.

वच्छलाच्या पदरातल्या मासोळ्या खाली सांडल्या. तिनं त्या उचलल्या नाहीत.

"त्याची," ती म्हणाली. "माती देताना मीच त्याच्या मुठीत देल्ली होती. मूठ माह्या हातानं दाबली होती बाई..."

देवाजीभाऊंनी फडकं हिसकून झटकलं. चष्म्याचा दांडा खाली पडला, टोपण खाली पडलं. बाकी काही नाही. म्हणजे दोघांच्या खुणा आतच होत्या, आणि तिसरी बाहेर होती.

"कोणी तरी मस्करी केली," भाऊ म्हणाले. पण पारेवर ते चौघंच होते, आणि मस्करी करण्याजोगं त्यांच्यात कुणी नव्हतं.

"खूण ज्याची निघाली, प्रकरण त्याचं," सोमारी म्हणाली. तिचे पांढरे डोळे तलावाकडे होते. "आता मोडता येत नाई."

वच्छला मणी घेईना. तिनं तो ज्योत्स्नाच्या उजव्या हातात ठेवला आणि वरून दोन्ही हातांनी तिची मूठ दाबली, अगदी मगाशी सांगितली तशीच.

"बाई, तो जायच्या दोन दिवस आधीची गोष्ट सांगू? कोनाले सांगतली नाई. वाटणी होती. त्याची खूण त्याच्या वाट्यावर ठेवली. त्यानं उचलून खिशात टाकली. अन् सोमारीनं फडक्यात हात घातला तं... अजून एकदा तीच निघाली. एक त्याच्या खिशात, एक हिच्या हातात. तो हसला. मले म्हने, आज दोन वाटे भेटते."

"मग?"

"मंग काही नाई. तिसऱ्या दिवशी गेला."

परतीच्या जीपमध्ये ज्योत्स्नानं टोपण पेनाला लावलं, दोनदा दाबून पाहिलं, आणि पेन पर्समध्ये ठेवलं. मणी रुमालात बांधला. ब्रह्मपुरीला उतरताना लक्षात आलं, उजव्या अंगठ्याला निळं लागलं आहे. मण्याचं असेल. घरी येऊन साबण लावला, मग लिंबू, मग रॉकेल. निळं गेलं नाही. आणि रुमाल उघडला तर त्यात मणी नव्हता, फक्त कापड मधोमध भिजलेलं होतं. पडला असेल जीपमध्ये. असं तिनं तीन वेळा स्वतःला सांगितलं आणि तिसऱ्यांदा तिला रडू आलं.

तासिकेला ती गेलीच नाही. भिजलेली डाळ तशीच राहिली.

शुक्रवारी सकाळी महाविद्यालयाच्या कार्यालयातल्या सुनीलचा फोन आला. सुनील चांगला मुलगा, तिचाच माजी विद्यार्थी.

"मॅडम, भाऊसाहेबांनी सोमवारी बोलावलं आहे. अकरा वाजता."

"कशाला रे?"

"तुमी काही पुस्तक लिहून राह्यले म्हने. त्याचा तुमचा संबंध नाई, असा एक कागद टाइप केला आहे. त्याच्यावर तुमचं पाहिजे."

"सही?"

"साहेब म्हनाले, मॅडमले सही कराची नसन तं राहू दे. म्हनाले... आपल्याले अंगठा बी चालते."

ज्योत्स्नाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं पुन्हा विचारलं.

"हसून म्हनाले जी. मले बी समजलं नाई. अन् ऑफिसात नोका येऊ, फार्महाऊसवर या. गाडी पाठवतो म्हने."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ अंगठ्याकडे बघत बसली. तिला भीती वाटत होती, पण काल वाटत होती ती ही नव्हती. कालची भीती नोकरीची होती. ती मात्र कुठे गेली होती कोण जाणे. तिनं आपलं तेरावं प्रकरण काढलं, तो सुवाच्य चुलतभाऊ वाचला आणि चुलीत घातला. मग वही उघडली.

शुक्रवारचा दिवस आणि शनिवारची पहाट ती लिहीत होती. भाऊंच्या प्रकरणावरून सुरुवात केली, पण थोड्या वेळानं भाऊंचे कागद बघायची गरज उरली नाही. कोण कुठे उभं होतं, कुणी पाय धरले, कुणी शाईची डबी उघडी धरली, पाण्यात आधी काय पडलं, हे ती लिहीत गेली आणि हे आपल्याला कसं माहीत, असं तिच्या एकदाही मनात आलं नाही. ते नंतर आलं, वाचताना. काही वाक्यं तिची वाटत नव्हती. काही भाऊंचीही नव्हती. झाडाचं वर्णन एकही नव्हतं. खोटी नावं खोडून तिनं खरी घातली होती, हेही तिला तेव्हाच दिसलं, आणि तिनं ती तशीच राहू दिली.

शेवटी तिनं एक काम केलं. वहीच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत प्रत्येक पानाखाली सही केली. पूर्ण नाव, ज्योत्स्ना मानकर, आणि पुढे तारीख. सोमवारनंतर कुणी तिच्या अंगठ्याचा कागद दाखवला, तर ही बाई सही करत होती, एवढं तरी कुणाला दिसावं. हात दुखून आला. इस्तारी जागोजागी सही का करत सुटला होता, हे तिला त्या वेळी कळलं, आणि त्या न पाहिलेल्या माणसाबद्दल तिला फार माया वाटली.

आठच्या गाडीला ती स्टँडवर गेली. नेहमीचाच कंडक्टर.

"जमलं का मॅडम?" त्यानं विचारलं. "पत्रिकेचं?"

"जमलं," ती म्हणाली. "आजच्या आज भाऊंच्या हातात द्या. दुसऱ्या कुणाच्या नाही."

गाडी सुटली आणि तिला पाच वर्षांचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. खरं तर इस्तारीला ती ओळखतही नव्हती. पाच वर्षांचं ओझं तिचं कुठून असणार? पण वाटलं. थंडी होती, ऊन नुकतं पडत होतं, समोर चहा उकळत होता. डिंपलला फोन करून सोमवारी नागपूरलाच जावं, असं तिच्या मनात आलं. फोन काढायला तिनं पर्स उघडली, तोच तो वाजला.

कोसंबटोल्याहून वच्छला बोलत होती. मागे माणसांचा गलका होता आणि पाण्याचा आवाज.

"बाई, तुमी कुठी आहा?"

"ब्रह्मपुरीला. स्टँडवर. का हो?"

"बऱ्या आहा ना?"

"बरी आहे. काय झालं?"

"आज वाटणी होती. सगळ्या खुणा झाल्या, छत्तीस. फडकं रिकामं झालं होतं. सोमारीनं उगंच हात घातला तं..." तिचा आवाज खाली गेला. "बाई, तुमच्या पेनाचं टोपण... तुमी घेऊन गेल्या होत्या ना? माह्या समोर उचललं होतं तुमी..."

"कुठलं टोपण?"

"निळं. दातानं चावलेलं. सोमारीच्या हातात आहे."

ज्योत्स्नानं फोन कानाशी तसाच धरून दुसरा हात पर्समध्ये घातला. पेन लागलं. तिनं ते बाहेर काढून उन्हात धरलं. टोपण पेनावर घट्ट बसलेलं होतं, निळं, टोकाशी तिच्या दातांच्या खुणा. त्यातून पाणी ठिबकत होतं आणि त्या पाण्याला शेवाळाचा वास होता.

"बाई," वच्छला फोनमध्ये विचारत होती, "आज कोनता वार आहे?"